केअर टाकला, म्हणजे काळजी केली की घेतली?

नाशिकच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरातले तिघे आजारी पडले, ते त्यांनी फेसबुकवर लिहिलं. खाली बऱ्याच जणांनी बदामाला मिठी मारलेला तो पिवळा चेहरा, म्हणजे फेसबुकचं 'केअर' हे चिन्ह, ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "एवढ्या लोकांनी आपली काळजी केली म्हणायचं, की घेतली?" ताईंना तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि प्रश्न डोक्यातून गेलाही नाही. त्याला जोडून त्यांचे आणखी दोन प्रश्न आहेत: या चिन्हाला मराठीत काय म्हणावं, आणि इमोजी तो, ती की ते?

सासूबाईंचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, म्हणून आधी तोच घेतो.

मराठीत 'काळजी' हे नाम एकटं असलं की अर्थ अर्धवट राहतो. तो पुरा करतं क्रियापद. "आईची काळजी करू नकोस" हे धीराचं वाक्य आहे. "आईची काळजी घेऊ नकोस" असं कुणी म्हटलं तर ऐकणारा चमकून बघेल. करायची ती मनातल्या मनात, घ्यायची ती हातापायांनी. यांखेरीज काळजी वाटते, काळजी लागून राहते (हिच्यावर आपला ताबा नाही, ती आपण होऊन येते), आणि काळजी वाहिली जाते, जिच्यात ओझं आहे आणि बराच काळ आहे. आजारी सासऱ्यांची वर्षानुवर्षं काळजी वाहणारी सून असते. आठवडाभर वाहिली असं कुणी म्हणत नाही. या न्यायाने 'काळजीवाहू सरकार' हा शब्दप्रयोग मला कायम गमतीचा वाटत आला आहे, कारण त्या सरकारकडून फार काही वाहण्याची अपेक्षाच नसते.

हा दुपदरीपणा नकारातही दिसतो. 'निष्काळजी' म्हणजे काळजी न करणारा नव्हे, तर न घेणारा. मास्क हनुवटीवर ओढून मेनरोडच्या गर्दीत फिरणारा माणूस निष्काळजी. जो काळजी करत नाही तो निश्चिंत, किंवा जुन्या बोलीत बिनघोर. म्हणजे नकार करताना भाषेने 'घेणे' हा अर्थ 'निष्काळजी'ला दिला आणि 'करणे' या अर्थाची सोय दुसऱ्या शब्दांवर सोपवली.

आता चिन्हाकडे या. चित्राला क्रियापद नसतं. ठेवणाऱ्याच्या मनात 'वाटली' असतं, बघणाऱ्याला 'घेतली' हवं असतं, आणि मध्ये नुसता पिवळा चेहरा. सासूबाईंनी नेमकं हेच हेरलं. माझं उत्तर असं: त्या लोकांनी काळजी केली नाही आणि घेतलीही नाही, काळजी वाटली, असं कळवलं. घेतली ती दारात डबा ठेवून, बेल वाजवून, जिन्यात चार पायऱ्या मागे सरकून उभ्या राहिलेल्यांनी. म्हणून कळवणं फुकट गेलं असं मात्र नाही. दार बंद करून बसलेल्या घराला कुणाकुणाला कळलंय, हे कळण्याचाही आधार होताच.

'काळजी दाखवली' असं मात्र लिहू नका. हल्ली ते बरंच वाचायला मिळतं. मराठीत माया, प्रेम, काळजी यांना 'दाखवणे' जोडलं की संशयाचा वास येतो, खायचे दात आणि दाखवायचे दात आठवतात. 'काळजी व्यक्त केली' हे बरोबर आहे, पण ते वर्तमानपत्री आहे. मंत्री व्यक्त करतात. घरगुती बोलण्यात "आस्थेने चौकशी केली", "धीर दिला", "विचारपूस केली" हे आपलं. त्यातही विचारपूस म्हणायची तर काहीतरी विचारलेलं हवं. खाली "ताप उतरला का?" एवढं लिहिलं असेल तर ती विचारपूस. नुसत्या चिन्हाला मी "हळहळले" म्हणेन.

हा सगळा घोळ इंग्रजी 'केअर'मुळे. फेसबुकने फेब्रुवारी २०१६ मध्ये लाइकच्या जोडीला लव्ह, हाहा, वाव, सॅड आणि अँग्री हे पर्याय दिले. एप्रिल २०२० मध्ये, आपल्याकडे टाळेबंदी चालू असताना, करोनामुळे लांब राहणाऱ्यांना आधार कळवता यावा म्हणून त्यांत केअरची भर पडली. त्या एका इंग्रजी शब्दाच्या पोटात आपले निदान पाच शब्द मावतात: काळजी, पर्वा, जपणं, देखभाल, शुश्रूषा. यातला 'पर्वा' तर बहुधा नकारात किंवा प्रश्नातच येतो. "मला तुझी पर्वा आहे" हे व्याकरणात बसतं, पण कानाला ते डब केलेल्या मालिकेतलं वाटतं.

'शुश्रूषा'पाशी जरा थांबतो, कारण हा शब्द आपण 'सेवाशुश्रूषा' असा जोडीने उरकून टाकतो. संस्कृतात श्रु म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. ऐकायला उत्सुक असलेला तो आज्ञेत राहणारा, म्हणून सेवा करणारा, आणि मग रुग्णाची सेवा करणारा, अशी अर्थाची वाटचाल झाली. दुसऱ्या लाटेत रात्री फोन लावून पलीकडच्या माणसाला अर्धा तास बोलू देणाऱ्यांनी शब्दाच्या मूळ अर्थाने शुश्रूषाच केली.

आणि 'जपणे'. "टेक केअर"चं भाषांतर म्हणून "काळजी घे" हे निरोपाचं वाक्य झालं, करोनात तर ते प्रत्येक फोनच्या शेवटी आलं. चूक काही नाही. पण आपल्याकडे आधीपासून "जपून जा", "जिवाला जप", "तब्येतीला जपा" आहे. "काळजी घ्या" महापालिकेच्या फलकावरही असतं. "जिवाला जप" कुठल्याही फलकावर शोभणार नाही, आणि म्हणूनच मला ते अधिक आवडतं.

आता चिन्हाचं नाव. 'केअर प्रतिक्रिया', 'आस्थाचिन्ह' वगैरे मला सुचवता येईल, पण बोलणारे लोक ते वापरणार नाहीत. लोकांनी नावं आधीच ठेवलेली आहेत. हृदयाच्या आकाराला मराठी माणूस पत्त्यांतला बदाम म्हणतो: "तिने फोटोला बदाम टाकला." त्यामुळे केअरला बोलताना "बदामवाला" म्हणा, लगेच कळतं. लिहिताना थोडं भारदस्त हवं असेल तर "उराशी धरल्याचं चिन्ह" म्हणा; चित्रात तो चेहरा तेच करतो आहे आणि 'उराशी धरणे' हा वाक्प्रचार कुठून आणावा लागत नाही.

बोलीची हुशारी अंगठ्याच्या बाबतीत बघा. 'अंगठा दाखवला' म्हणजे आपल्याकडे ठेंगा दाखवला, आणि 'अंगठा दिला' म्हणजे सही येत नाही म्हणून ठसा उमटवला. ही दोन्ही क्रियापदं आधीच गुंतलेली, म्हणून इमोजीसाठी लोक "अंगठा टाकला" म्हणतात. कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं.

जोडलेल्या हातांचं चिन्ह २०१० मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागतिक यादीत, आलं. जपानी वापरात ते विनंतीचं आणि आभाराचं. आपण त्याला नमस्कार, आभार, माफी, प्रार्थना, श्रद्धांजली आणि 'आता पुरे करा' एवढी कामं लावली. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. अशा दिवसांत तेच जोडलेले हात "कुठे बेड मिळेल का?"च्या शेवटी विनवणी म्हणून येत आणि कुणी गेल्याच्या बातमीखाली श्रद्धांजली म्हणून. तरी कुणाचा गोंधळ झाला नाही, कारण वरचं वाक्य शाबूत होतं. गोंधळ झाला तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्याचा. बारीक अक्षरं न दिसणारे ज्येष्ठ त्याला रडका समजून मृत्यूच्या बातमीखाली ठेवत. त्यांना हसू नये. चित्रात अश्रू खरंच आहेत.

याच काळात नाशिक-खानदेशाकडच्या निधनवार्तांमध्ये द्वारदर्शन होणार नाही, अशा सूचना येऊ लागल्या. बाहेरच्यांसाठी सांगतो: दुःख झालेल्या घरी भेटायला जाणं म्हणजे 'दारावर जाणं', आणि त्याचंच छापील रूप 'द्वारदर्शन'. तिथे बोलावं लागत नाही, बसावं लागतं. बसण्याची इमोजी नाही. सर्वांत जवळची म्हणजे एकमेकांच्या पाठीवर हात टाकलेल्या दोन आकृत्या. ती ज्या युनिकोड १३ मध्ये आहे ते १० मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने करोनाला महामारी म्हटलं ते ११ मार्चला. हा निव्वळ योगायोग, चिन्ह आधीच ठरलेलं होतं.

राहिला लिंगाचा प्रश्न. इमोजी हा जपानी शब्द, 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजी 'इमोशन'शी त्याचं नातं नाही, नुसता आवाज जुळतो. तेव्हा 'भावचिन्ह' हे भाषांतर शब्दाचं नाही, वापराचं आहे. शब्दाला धरून म्हणायचं तर 'चित्राक्षर'. मराठीत तो, ती, ते तिन्ही ऐकू येतात: 'ते' बहुधा चिन्हाच्या ओढीने, 'ती' चिठ्ठी-मिठीच्या ईकाराने. मी 'ती' म्हणतो. मग अनेकवचन 'इमोज्या' करावं लागतं, आणि ते सासूबाईंना नक्की आवडेल.