दूध उकळून फाटत नाही, मग लिंबानं का?

प्रश्न: अंडं नुसतं उकडलं तरी घट्ट होतं, पण दूध कितीही उकळा फाटत नाही, लिंबू पिळलं की लगेच फाटतं. दोन्हीत प्रोटीनच ना? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: हो, दोन्हीत प्रोटीनच, पण वेगवेगळं, आणि प्रश्न फार आवडला. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिड्सची लांब साखळी, त्यांना जोडणारे पेप्टाइड बंध एकदम पक्के. अंड्यातल्या प्रोटीनची साखळी नीट घडी घालून बसलेली असते आणि ती घडी टिकते हायड्रोजन बंधांसारख्या कमजोर बंधांवर, उष्णतेनं ते सुटले की साखळ्या उलगडतात, एकमेकींत अडकतात, अंडं घट्ट.

दुधातलं सुमारे 80 टक्के प्रोटीन केसीन. त्याला अशी पक्की घडीच नसते, त्यामुळे उष्णता उलगडणार काय? केसीनचे बारीक गोळे दुधात तरंगतात, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात. लिंबातल्या ॲसिडमधले हायड्रोजन आयन (धन भार असलेले कण) तो भार संपवतात, दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 6.7 च्या आसपास असतो तो 4.6 कडे घसरायला लागला की ढकलणं थांबतं आणि गोळे चिकटतात, गरम दुधात तर अजून लवकर. मे महिन्यात आपल्या इंदूरात बाहेर राहिलेलं दूध तापवताना फाटतं ते याचमुळे, फक्त तिथे ॲसिड बॅक्टेरिया बनवतात.

पेप्टाइड बंध मात्र या सगळ्यात तुटत नाहीत, ते काम पोटातल्या एन्झाइम्सचं. आणि पनीरचं पाणी फेकू नका हो, त्यातही थोडं प्रोटीन उरतं, कणीक भिजवा त्यात.