पाकिटावर पनीर, आत रस्सा

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमान जाऊन दीड वर्ष झालं, मुलगा बंगळूरला, आणि रात्रीचं जेवण म्हणजे फ्रोझन पाकीट. परवाच्या मटर पनीरच्या चित्रात वाडगाभर टपोरे तुकडे होते, आत निघाले चार. ‘फसवलं त्याचा रागही आला, पण कढई चढवावीशी वाटेना. मी आळशी झाले का?’ असं तुम्ही विचारलंय.

नाही हो. आळशी बाई पनीरचे तुकडे मोजत नाही.

आधी तो राग गिळू नका. चित्रात किंवा नावात पनीर मिरवलं असेल, तर त्याचं प्रमाण टक्क्यांत छापणं आपल्याकडच्या लेबलिंगच्या नियमांनुसार सहसा बंधनकारक असतं. बारीक अक्षरांत असतं, चष्मा लावून बघा. घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पाणी, टोमॅटो, कांदा, तेल आणि मग पनीर, असं असेल तर तो विकतचा रस्साच. टक्केवारी छापलीच नसेल, तर पाकिटाचे फोटो आणि बिल जपून ठेवा नि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आता कढईचं. इतकी वर्षं तुम्ही रांधलंत ते कुणीतरी ‘आज काय?’ विचारत ताटावर बसायचं म्हणून. ते विचारणारं माणूसच गेलं. मग एकटीसाठी हात उचलत नाही, यात तुमचा दोष कुठे? पोळी-भाजी-कोशिंबिरीचा घाट घालूच नका. कुकरला मूठभर तांदूळ, मूठभर मुगाची डाळ. छोट्या कढल्यात तेल तापवा, मोहरी तडतडली की चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या टाका, कडा लालसर झाल्या की हिंग, आणि सगळं चुर्र करत वरणावर. घरात तो वास दरवळू दे. एवढं झालं तरी आठवड्याला पुष्कळ. बाकीचे दिवस पाकीट खाल्लंत म्हणून मनाला लावून घेऊ नका.

पण झोप लागत नसेल, बाहेर पडणं, फोनवर बोलणंही नको वाटत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. दुःख असं अंगात मुरतं, आणि त्यावर उपचार असतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की समोर भाड्यानं राहणाऱ्या मुलीनं विचारलं, ‘काकू, तुमच्या वरणाला असा वास कसा यायचा?’ शनिवारी तिला बोलवा. डाळ तिलाच धुवायला लावा, फोडणी तुम्ही द्या.