वाचकांचे प्रश्न : डायसरचा पट्टा दिसत का नाही?

प्रश्न (जळगावहून, एम.एस्सी.ची विद्यार्थिनी) : आरएनए इंटरफिअरन्सवरच्या (लहान आरएनएंनी जनुके गप्प करण्याच्या यंत्रणेवरच्या) प्रकल्पासाठी मानवी पेशींमधले डायसर, म्हणजे लांब आरएनए कापून लहान तुकडे करणारे प्रथिन, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीने) पाहायचे आहे. सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी वापरली. तुलनेसाठी पाहतात त्या ॲक्टिन प्रथिनाचा पट्टा सुरेख येतो, पण डायसरच्या जागी काहीच नाही. ११० आणि ७० किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) मात्र ठळक पट्टे दिसतात. अँटिबॉडी खराब निघाली असे समजायचे का?

उत्तर : इतक्यात नाही. त्याच जेलवर ॲक्टिन सुरेख येतो, याचा अर्थ तुमचे जेल बहुधा १० किंवा १२ टक्क्यांचे असावे. ॲक्टिन ४२ किलोडाल्टनचा. मानवी डायसर १९२२ अमिनो आम्लांचे, सुमारे २१७ किलोडाल्टनचे. एवढे मोठे प्रथिन दाट जेलमध्ये वरच अडकते, आणि जे थोडे आत शिरते ते पडद्यावर उतरत नाही.

जेल ६ टक्क्यांचे घ्या आणि २५० किलोडाल्टनपर्यंतचा मार्कर लावा. लेनमध्ये ४० ते ५० मायक्रोग्रॅम प्रथिन भरा, कारण पेशीत डायसर फार नसते. नमुना उकळू नका. ७० अंशांवर दहा मिनिटे पुरतात. उकळल्यावर मोठी प्रथिने गोळा होऊन विहिरीतच बसतात. ट्रान्सफर ओल्या पद्धतीने, ४ अंशांवर, ३० व्होल्टवर रात्रभर करा. बफरमध्ये मिथेनॉल २० ऐवजी १० टक्के ठेवा आणि ०.०५ टक्के एसडीएस हा डिटर्जंट घाला. मिथेनॉलने जेल आकसते आणि मोठी प्रथिने आत जखडतात, तर एसडीएस त्यांना बाहेर काढते. पडदा पीव्हीडीएफचा घ्या आणि आधी मिथेनॉलमध्ये भिजवा. या जेलवर ॲक्टिन खालून निघून जाईल, म्हणून तुलनेसाठी व्हिन्क्युलिन हे मोठे प्रथिन पाहा किंवा पडदा पॉन्सो एस या रंगाने रंगवून घ्या.

आता त्या दोन पट्ट्यांबद्दल. ते तुटलेल्या डायसरचे असतील किंवा भलत्याच प्रथिनाचे. नुसते पाहून हे कोणालाही सांगता येणार नाही. लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, बर्फावरच करा; प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिने तोडणाऱ्या विकरांना रोखणारी रसायने) ऐन वेळी घाला. त्यातले पीएमएसएफ पाण्यात गेल्यावर फार टिकत नाही; सकाळी घालून ठेवलेल्या बफरचा दुपारी उपयोग नाही. ताज्या लायसेटमध्ये हे पट्टे फिके होऊन वरचा गडद झाला, तर तुकड्यांचा संशय बळावतो.

खरा निवाडा मात्र डायसर कमी केलेल्या पेशींवरच होतो. डायसरविरुद्ध दोन वेगवेगळे एसआयआरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारे छोटे दुहेरी आरएनए) वापरा, ७२ तासांनी लायसेट काढा आणि साध्या पेशींच्या शेजारच्या लेनमध्ये चालवा. दोन्ही एसआयआरएनएंच्या लेनमध्ये जो पट्टा फिका पडतो तो तुमचा. इथे एसएचआरएनए (केसाच्या पिनेसारखा दुमडलेला आरएनए) टाळा. एसआयआरएनए २१ न्यूक्लिओटाइडचे तयारच असते, ते थेट आर्गोनॉटकडे, म्हणजे जनुक गप्प करण्याचे काम करणाऱ्या प्रथिनाकडे, जाते. एसएचआरएनए कापायला डायसरच लागते, त्यामुळे डायसर घटू लागले की तुमचे हत्यारही बोथट होते. डायसरचे डीआयसीईआर१ हे जनुक काढून टाकलेल्या पेशी कुठल्या प्रयोगशाळेकडून मिळाल्या तर उत्तमच. ही एक लेन नसेल, तर कितीही महागडी अँटिबॉडी असली तरी तिच्या पट्ट्यावर निष्कर्ष बांधू नये, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न (धुळ्याहून, संशोधक विद्यार्थी) : त्याच प्रकारच्या अँटिबॉडीने इम्युनोप्रेसिपिटेशन केले, म्हणजे अँटिबॉडीने डायसर अर्कातून ओढून काढले. डायसर खाली आले, पण सोबतचे टीआरबीपी हे जोडीदार प्रथिन दिसत नाही.

उत्तर : पेशी फोडायला रिपा बफर वापरला असेल तर तो बदला. त्यातल्या एसडीएस आणि डिऑक्सिकोलेट या डिटर्जंटांमुळे प्रथिनांची जोडी सुटू शकते. ०.५ टक्के एनपी-४० (सौम्य डिटर्जंट), १५० मिलिमोलर मीठ आणि ७.५ पीएच पुरेसे. एक मिलिग्रॅम लायसेटला २ ते ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी घ्या. शेजारी त्याच प्राण्याच्या साध्या, डायसर न ओळखणाऱ्या आयजीजी अँटिबॉडीची नळी हवीच.

दुसरी शक्यता अशी की टीआरबीपी आहे, पण झाकले गेले आहे. ते ४५ किलोडाल्टनच्या आसपास दिसते आणि अँटिबॉडीची जड साखळी ५० वर. ब्लॉटसाठी दुसऱ्या प्राण्याची अँटिबॉडी घ्या किंवा फक्त हलकी साखळी ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी वापरा. आणि माहितीपत्रकात इम्युनोजेन (अँटिबॉडी बनवण्यासाठी प्राण्याला टोचलेला प्रथिनाचा तुकडा) डायसरच्या कोणत्या भागातला आहे ते वाचा. टीआरबीपी डायसरच्या हेलिकेज भागाला, म्हणजे एन-टोकाकडे (प्रथिनसाखळीच्या सुरुवातीकडे), चिकटते. अँटिबॉडीही तिथलीच असेल तर दोघांची एकाच जागेसाठी ओढाताण होते.

प्रश्न (रावेरहून, कृषी पदवीधर) : केळीवरच्या हरण्या रोगात झाड आरएनए इंटरफिअरन्सने विषाणूशी लढते असे वाचले. ही अँटिबॉडी केळीच्या पानावर चालेल का?

उत्तर : चालेल असे धरू नका. वनस्पतींची डायसरसारखी प्रथिने (डीसीएल) वेगळी, आणि एक नव्हे. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या अराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीतच चार आहेत. इम्युनोजेनचा क्रम केळीच्या प्रथिनाशी जुळवून पाहिल्याशिवाय पैसे घालू नयेत. त्यात केळीच्या पानातला चीक आणि फिनॉल नमुना काळा करतात.

तुमच्या प्रश्नाला लहान आरएनए मोजणे अधिक सरळ. डीसीएल४ २१, डीसीएल२ २२ आणि डीसीएल३ २४ न्यूक्लिओटाइडचे तुकडे पाडते, म्हणजे लांबीवरूनच काम कोणाचे ते कळते. हरण्याचा विषाणू, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, २बी नावाचे प्रथिन बनवून हीच यंत्रणा दाबतो. त्यामुळे तुकडे सापडले म्हणजे झाड जिंकले, असे नाही. हा विषाणू पसरवणारा मावा आटोक्यात ठेवणे आणि रोगट झाडे उपटून नष्ट करणे चालूच ठेवा.

प्रश्न (नंदुरबारहून, प्रयोगशाळा साहाय्यक) : मे महिन्यात अँटिबॉडी मागवावी का? लाइटही वारंवार जाते.

उत्तर : शक्यतो फेब्रुवारीतच मागवा. मेमध्येच हवी असेल तर पार्सल सोमवार-मंगळवारी पोहोचेल असे ठरवा, शनिवारी कुरिअरच्या गोदामात अडकेल असे नको. आल्यावर नळी उघडण्याआधी क्षणभर सेंट्रिफ्यूज करा. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर ती उणे २० वर गोठत नाही, छोट्या भागांत विभागण्याची गरज नाही. ग्लिसरॉल नसेल तर १० मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा आणि एकदा वितळलेला भाग ४ अंशांवरच ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीज नको, त्यात तापमान सारखे वरखाली होते. लाइट गेल्यावर दार उघडू नका. नळ्या थिजवलेल्या जेल पॅकच्या मधोमध ठेवलेल्या असल्या तर काही तास निभावतात.