अठरावा रकाना

जून महिना लागला की प्रवेशाविषयी सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बदलतो. मे महिन्यापर्यंत प्रवेश मिळेल की नाही याची काळजी असते; जूनमध्ये काही मोजक्या घरांत दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, आता कोणता सोडायचा, ही काळजी सुरू होते. नातेवाइकांना ही सुखाची डोकेदुखी वाटते आणि ते तसे बोलूनही दाखवतात. परंतु ज्या मुलाला दोन चांगल्या वाटांपैकी एक स्वतःच्या हाताने बंद करायची असते, त्याची झोप खरोखरच उडालेली असते. अशाच एका विद्यार्थिनीविषयी येथे लिहीत आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

2023 च्या जूनमध्ये डिचोली तालुक्यातील एक मुलगी वडिलांसह म्हापशाला माझ्याकडे आली. तिला गणितातच पदवी घ्यायची होती. बंगळूरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.मॅथ.साठी आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित व संगणकशास्त्राच्या बी.एस्सी. ऑनर्ससाठी तिची निवड झाली होती. दोन्ही संस्थांच्या प्रवेशपरीक्षा किती कठीण असतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. वडील दोन वाक्ये बोलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मुलीने पिशवीतून एक मोठा आलेखकागद काढून टेबलावर पसरला.

त्यावर सतरा रकाने होते. प्राध्यापक, ग्रंथालय, पुढील संशोधनाच्या संधी, वसतिगृह, जेवण, घरापासूनचे अंतर, हवामान, स्थानिक भाषा असे सगळे त्यात होते. प्रत्येक रकान्याला तिने शंभरपैकी काही भार दिला होता, प्रत्येक संस्थेला दहापैकी गुण दिले होते आणि शेवटी बेरीज केली होती. काम इतके नेटके होते की मला कौतुक वाटले. पण कागद पेन्सिलीने लिहिलेला होता, आणि भारांच्या ओळीत खोडरबराने खोडून खोडून कागद पातळ झाला होता. पहिल्या बेरजेत चेन्नई किंचित पुढे होती. मग अंतराचा भार पाचावरून बारा झाला आणि बंगळूर पुढे गेले. डिचोलीहून पणजी गाठली की रात्रीच्या बसने सकाळी बंगळूर येते, चेन्नईसाठी एवढी सरळ सोय नाही, हे खरेच. मग ग्रंथालयाचा भार वाढला, चेन्नई पुन्हा वर आली. लगेच हवामानाचा भार वाढवून तिला खाली ढकलले होते. दोन पर्याय इतके जवळ असले की भार थोडा हलवला तरी निकाल उलटतो, हे गणित तिला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. तरीही ती महिनाभर खोडत बसली होती, आणि प्रत्येक वेळी शेवटची दुरुस्ती बंगळूरच्या बाजूने होती.

अभ्यासक्रमांची तुलना मी फार वेळ केली नाही. पहिल्या वर्षी दोन्हीकडे विश्लेषण (कलनाची काटेकोर, सिद्धतांवर आधारलेली मांडणी), बीजगणित आणि रेषीय बीजगणित यांचा पाया घातला जातो आणि दोन्हीकडचे विद्यार्थी पुढे मोठ्या प्रमाणात संशोधनाकडे वळतात. इतक्या तोडीच्या संस्थांमध्ये क्रमवारीच्या याद्या पाहत बसणे मी वेळेचा अपव्यय मानते. फरक आहे तो कलाचा: चेन्नईत संगणकशास्त्र जोडविषय म्हणून आरंभापासून गणिताच्या बरोबरीने चालते, बंगळूरला संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांचे अंग अधिक बळकट आहे.

म्हणून मी कागद बाजूला सारला आणि अलीकडे आवडलेले एखादे गणित समजावून सांग, असे तिला म्हटले. तिने सांगितले ते असे: 1 ते 100 मधील कोणत्याही 51 संख्या निवडा, त्यांत अशा दोन नक्की सापडतात की एक दुसरीला निःशेष भागते. सिद्धता लहान आहे. प्रत्येक संख्येतील 2 चे सगळे अवयव काढले की एक विषम संख्या उरते; 100 पर्यंत विषम संख्या 50 च आहेत; म्हणून 51 पैकी दोन संख्यांची उरलेली विषम संख्या एकच असते आणि त्यांतील लहान संख्या मोठीला भागते. हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा होता. त्यानंतर, जणू गौण गोष्ट म्हणून, तिने सांगितले की सिद्धता सुचण्याआधी तिने याच प्रश्नाचे लहान रूप घेऊन 1 ते 20 मधून 11 संख्यांच्या सर्व 1,67,960 निवडी प्रोग्राम लिहून तपासल्या होत्या. तो प्रोग्राम आधी फार वेळ घेत होता, मग तिने तो कसा वेगवान केला, हे सांगताना मात्र तिने माझ्या टेबलावरील एका लिफाफ्याच्या पाठीवर आकृती काढली आणि ती खुर्चीच्या कडेला येऊन बसली.

तिचा ओढा चेन्नईकडे होता. मग बंगळूर जिंकावे म्हणून खोडाखोड कशासाठी? मी पुन्हा कागद पाहिला आणि जे प्रथमच दिसायला हवे होते ते तेव्हा दिसले. सतरा रकान्यांत पैशाचा रकाना नव्हता.

त्या वर्षी बंगळूरला शिकवणी शुल्क नव्हते, उलट चांगली प्रगती राखणाऱ्यास दरमहा विद्यावेतन होते. चेन्नईचे शुल्क लाखांच्या घरात होते. आणि वडिलांचा व्यवसाय होता खनिज वाहणाऱ्या ट्रकचा. गोव्यातील खाणी 2012 मध्ये थांबल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ही मुलगी तेव्हा सातवीत होती. अंगणात उभ्या ट्रकवर साचणारी फणसाची पाने झाडायचे काम तिच्याकडे होते, असे तिने मला सांगितले. घरी पैशाचा विषय निघाला की वडील एकच वाक्य बोलत: "पयशांचें हांव पळयतां, तूं शीक" (पैशांचे मी पाहतो, तू शीक). त्यामुळे रकाना आखायची सोयच उरली नव्हती. त्यात भर म्हणजे वडील एका मेकॅनिकला ट्रकची किंमत विचारत असल्याचे तिने ऐकले होते.

मी वडिलांना आत बोलावले. नातेवाइकांपैकी कोणीतरी त्यांना सांगितले होते की गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डला शिकले, तेव्हा नाव मोठे तीच संस्था घ्यावी. गोव्यात गणित निघाले की कोसंबी निघतातच. मी एवढेच म्हटले की आनुवंशिकशास्त्रात आजही वापरले जाणारे त्यांचे सूत्र 1944 चे आहे, आणि तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. मग पेन्सिल वडिलांकडे सरकवली आणि अठरावा रकाना तुम्ही भरा, असे सांगितले. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, खिशातला बॉलपेन काढला आणि ट्रकच्या उरलेल्या हप्त्यांपासून सुरुवात केली.

"टीचर, हिला हे कधी दाखवायचे नव्हते," ते म्हणाले.

"पप्पा, मला ठाऊक होते," मुलगी म्हणाली.

चेन्नईची संस्था पूर्ण वा अंशतः शुल्कमाफी देते, गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे, हे दोन्ही मी त्यांच्यापुढे ठेवले आणि आधी विचारणा करून मगच ठरवा, असे सुचवले. पालकांना माझे सांगणे नेहमी हेच असते: शुल्काचा आकडा पाहून पर्याय सोडू नका, सवलत वजा करून उरलेला आकडा पाहा. वडिलांना ते पटले. मुलीने मात्र चार दिवसही थांबायचे नाही असे ठरवले आणि बंगळूर निश्चित केले. मी तिला कारण विचारले. पैसे हे कारण आहे आणि ते आता लिहून झाले आहे, असे तिने सांगितले. संगणकाचे आपले आपण शिकता येईल, ट्रक विकला तर परत येणार नाही. माझे मत अजूनही चेन्नईकडे झुकते, पण भार ठरवण्याचा अधिकार तिचा होता.

डिसेंबरच्या सुट्टीत ती भेटायला आली. विश्लेषणाच्या तासाला प्रोग्राम लिहून तपासण्यासारखे फारसे काही नसते, ही तिची तक्रार होती. ट्रकचे मी विचारले. तो अंगणातच होता, बॅटरी तेवढी नवी बसवली होती.