वाचकांचे प्रश्न : माइक टॉड आणि ७० एमएमचा पडदा

प्रश्न : 'अराउंड द वर्ल्ड इन ८० डेज'चा निर्माता माइक टॉड मुळात नाटकवाला होता, असे वाचले. मग त्याच्या नावावर एकच कथापट कसा?

उत्तर : नाटकवालाच, आणि तोही तिकीट खिडकीकडे डोळा ठेवून बसलेला. मिनिआपोलिसमधल्या पोलिश ज्यू स्थलांतरितांचा हा मुलगा. खरे आडनाव गोल्डबोगन. १९३३ मध्ये शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याने 'फ्लेम डान्स' लावला. गॅसच्या ज्योतीत नर्तिकेचा झिरझिरीत पोशाख जळून जाई आणि ती विवस्त्र उभी आहे असा भास होई. गर्दी होणारच! १९३९ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'मिकाडो' या संगीतिकेला जॅझचा साज चढवून, सगळे कृष्णवर्णीय कलाकार घेऊन त्याने 'हॉट मिकाडो' ब्रॉडवेवर आणला. तिथे ८५ प्रयोगांत पडदा पडला, तर बाडबिस्तरा उचलून तो न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात गेला. 'स्टार अँड गार्टर'ने (१९४२) मात्र ६०० च्या वर प्रयोग केले. एकीकडे असले उघडेवाघडे खेळ, दुसरीकडे नट मॉरिस इव्हान्सला घेऊन 'हॅम्लेट'. पैसा आला तसा जुगारात आणि नव्या धाडसात गेला. १९४७ मध्ये दिवाळे वाजले. चित्रपटाकडे तो वळला तो १९५० च्या दशकात, आणि १९५८ मध्ये विमान अपघातात गेला. दुसऱ्या चित्रपटाला सवडच मिळाली नाही.

प्रश्न : सिनेरामा आणि टॉडने काढलेली टॉड-एओ पद्धत यांत नेमका फरक काय? दोन्हींचा पडदा वक्र आणि भव्य, मग नवी पद्धत कशाला काढली?

उत्तर : सिनेरामात (पहिला खेळ न्यूयॉर्कला, सप्टेंबर १९५२) ३५ एमएमच्या तीन फिती एकाच वेळी चालत. डावा प्रोजेक्टर पडद्याच्या उजव्या भागावर, उजवा डाव्या भागावर आणि मधला मध्ये. आवाजासाठी वेगळी चुंबकीय फीत, म्हणजे चौथे यंत्र. वेग सेकंदाला २६ चौकटी (फ्रेम). एक फीत तुटली आणि पाच चौकटी खराब झाल्या, तर नुसते चिकटवून भागत नसे. तेवढ्याच पाच काळ्या चौकटी मध्ये घालाव्या लागत, नाहीतर तो तुकडा बाकी दोघांच्या पुढे पळे. शिवाय पडद्यावर दोन उभे जोड दिसत. ते पुसट व्हावेत म्हणून प्रोजेक्टरच्या गेटपाशी, म्हणजे फीत उजेडासमोरून जाते तिथे, बारीक दातेरी पट्ट्या थरथरत ठेवत, तरी आकाशासारख्या सपाट रंगात जोड उघडे पडतच. नट एका भागातून दुसऱ्यात गेला की मोडल्यासारखा वाटे.

टॉड या धंद्यात भागीदार होता. युरोपातली काही दृश्ये त्याने आणि त्याच्या मुलानेच चित्रित केली. एवढाच देखावा एकाच भिंगातून, एकाच फितीवर हवा हे त्याने तिथेच ओळखले. भिंगे बनवणाऱ्या अमेरिकन ऑप्टिकल कंपनीला त्याने गाठले. नावातले 'एओ' ते हेच. प्रकाशशास्त्रज्ञ ब्रायन ओब्रायन यांच्या हाताखाली पद्धत उभी राहिली. निगेटिव्ह ६५ एमएमचे, प्रिंट ७० एमएमची. वाढीव ५ एमएममध्ये चित्र नाही. दोन्ही बाजूंना, फीत ओढणाऱ्या कडेच्या छिद्रांच्या बाहेर, अडीच-अडीच एमएम जागा चुंबकीय पट्ट्यांसाठी. बाहेरच्या पट्टीवर दोन ट्रॅक, छिद्रे आणि चित्र यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर एक, म्हणजे दोन्ही कडा मिळून सहा. पाच ट्रॅक पडद्यामागच्या स्पीकरांना, सहावा प्रेक्षागृहातल्या. चौकटीची उंची पाच छिद्रांची (३५ एमएमला चार). सर्वांत रुंद भिंग १२८ अंशांचे. किड्याच्या फुगीर डोळ्यासारखे दिसे, म्हणून त्याला 'बग-आय' म्हणत.

प्रश्न : टॉड-एओचा सेकंदाला ३० चौकटींचा वेग चांगला होता, तर पुढे २४ वर का आले?

उत्तर : चांगला होताच. पडदा जितका मोठा आणि उजळ, तितकी लुकलुक डोळ्यांना जाणवते. ३० ला ती कमी होई आणि कॅमेरा आडवा फिरला तरी चित्र झटके देत नसे. नडले ते व्यवहारात. गावोगावच्या थिएटरांत ३५ एमएमची यंत्रे २४ वर चालत आणि ३० च्या निगेटिव्हवरून २४ ची सरळ प्रिंट निघत नाही. म्हणून 'ओक्लाहोमा!'ची (१९५५) दृश्ये दोनदा घेतली, एकदा टॉड-एओवर आणि एकदा ३५ एमएमच्या सिनेमास्कोपवर. त्यामुळे त्याच्या दोन आवृत्त्यांत अभिनयही थोडा वेगळा दिसतो. टॉडने स्वतःच्या चित्रपटात ६५ एमएमचेच दोन कॅमेरे वापरले, एक ३० वर, एक २४ वर. खर्चही पाहा : ३० च्या वेगाने ७० एमएमची फीत मिनिटाला १४० फूट पळते, साधी ३५ एमएम ९० फूट. तीन तासांच्या खेळाला २५ हजार फूट, साध्या प्रिंटला १६ हजार. 'साउथ पॅसिफिक'पासून (१९५८) २४ च पक्के झाले.

प्रश्न : आपल्या 'शोले'चे ७० एमएम तेच का?

उत्तर : प्रिंट त्याच मापाची, निगेटिव्ह नव्हे. 'शोले' ३५ एमएमवर चित्रित झाला आणि परदेशात ब्लो-अप करून, म्हणजे चित्र मोठे करून, ७० एमएम प्रिंट काढल्या. ब्लो-अपमध्ये निगेटिव्हचे कणही मोठे होतात, शिवाय चौकटीचा वरचा-खालचा भाग कापला जातो. सहा ट्रॅकच्या आवाजाचा लाभ मात्र शंभर टक्के खरा. अर्थात ऑपरेटरने प्रोजेक्टरमधले आवाज वाचणारे चुंबकीय हेड वेळच्या वेळी पुसून त्यातले चुंबकत्व काढले तर. नाहीतर आधी बारीक, तीव्र स्वर जातात, मग खरखर येते.

प्रश्न : टॉडचा चित्रपट इतका गाजला तो केवळ तंत्रामुळे?

उत्तर : आमच्या मते मांडणीमुळे. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होलीत त्याने तो नाटकासारखा लावला : राखीव खुर्च्या, मध्यंतर, छापील स्मरणिका आणि पॉपकॉर्नला बंदी. सिनात्रा, डिट्रिच, बस्टर कीटन अशी बडी मंडळी मिनिटभराच्या कामाला उभी केली, म्हणजे प्रेक्षक ओळखण्याच्या खेळात गुंतले. पटकथा आम्हाला सैलच वाटते. तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर. जाता जाता : जाहिरातींत झळकलेला तो बलून ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत नाहीच.

प्रश्न : वासाचा सिनेमाही त्याचाच का?

उत्तर : त्याच्या मुलाचा, १९६० चा 'सेंट ऑफ मिस्टरी'. खुर्च्यांपर्यंत नळ्या नेऊन ठरलेल्या क्षणी वास सोडत. नळ्यांचा फुसफुस आवाज संवादात येई, बाल्कनीत वास उशिरा पोचे आणि काही जागी इतका पुसट की प्रेक्षक जोरजोराने हुंगत बसत. पद्धत तिथेच संपली.