टायटल सर्चचे काम स्वतंत्रपणे करावे का?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी दोन वर्षे एका वकिलांकडे मालमत्तांचे टायटल सर्च, म्हणजे जुन्या नोंदी वाचून मालकी आणि मालमत्तेवरचे बोजे (गहाण, देणी) तपासण्याचे काम, करते आहे आणि आता हेच काम स्वतंत्रपणे करायचे म्हणते. नोंदी संगणकावर आल्यावर हे काम उरेल का, आणि चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर येईल, असे तुम्ही विचारले आहे. मला दुसरा प्रश्न मोठा वाटतो.

1868 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वॉटसन विरुद्ध म्युअरहेड हा दावा आला. खरेदीदार वॉटसनसाठी टायटल तपासणाऱ्या म्युअरहेडला शोधात काही न्यायालयीन निवाडे सापडले होते. त्यांचा बोजा मालमत्तेवर बसत नाही, असे एका वकिलाने सांगितले म्हणून त्याने टायटल निर्वेध असल्याचे कळवले. बोजा खरा निघाला, घेणारा बुडाला. वकिलाच्या मतावर विसंबल्यामुळे म्युअरहेड मात्र सुटला. अशा खरेदीदारांना आधार हवा म्हणून 1876 मध्ये फिलाडेल्फियात टायटल विम्याची, म्हणजे मालकीतल्या दोषामुळे झालेले नुकसान भरून देणारी, कंपनी निघाली. तुमच्या मुलीने या सुटकेवर भिस्त ठेवू नये. सापडलेली नोंद अहवालात आलीच पाहिजे. तिचा अर्थ लावणे वकिलाचे काम.

संगणकाबद्दल: नोंदींच्या सूचीत टंकणाऱ्याने जे नाव घातले, तेच सापडते. स्पेलिंग चुकले, लग्नानंतर नाव बदलले, वारसाची नोंदच झाली नाही, कर्ज फिटूनही गहाण नोंदीत तसेच राहिले, अशा ठिकाणी मूळ दस्त वाचणारा माणूस लागतो. सोप्या फायली यंत्राकडे जातील, हे मात्र खरे, आणि तिने ते धरूनच चालावे.

आजची खरी अडचण दराची आहे. मोठ्या कंपन्या फायलीमागे ठरावीक रक्कम देतात आणि उद्याच अहवाल मागतात. मग फक्त ऑनलाइन सूची पाहून काम उरकले जाते. वेळ नसेल तर तसेही करावे लागेल, पण अहवालात ते लिहावे: कोणत्या कार्यालयातली कोणती पुस्तके पाहिली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, नावाची कोणकोणती रूपे शोधली, कोणती पाने फाटलेली किंवा गहाळ होती. हे लिहू न देणाऱ्याचे काम घेऊ नये, पहिल्या वर्षी हात रिकामे असले तरी.

व्यावसायिक दायित्वाचा विमा, म्हणजे आपल्या कामातल्या चुकीची भरपाई देणारा विमा, पहिल्या फायलीच्या आधी घ्यावा. यातल्या बहुतेक पॉलिसी, दावा दाखल होतो त्या वेळी चालू असाव्या लागतात. काम केले तेव्हा विमा होता, एवढ्याने भागत नाही. टायटलमधली चूक बहुधा मालमत्ता पुन्हा विकायला निघाल्यावर, म्हणजे कित्येक वर्षांनी वर येते. म्हणून हप्ता मध्येच सोडता येत नाही, आणि टिपणेही जपून ठेवावी लागतात.

दोन वर्षे मला थोडी कमी वाटतात. तिने जुन्या पाच गुंतागुंतीच्या फायलींचा शोध पहिला अहवाल न पाहता नव्याने घ्यावा आणि तिच्या वकिलांकडून दोन्ही ताडून घ्यावेत. काय सुटले ते मला कळवा, मग तारीख ठरवू.