तुमचे प्रश्न: रांग फोनमध्ये गेली तरी रांगच

मे महिन्याच्या सहलींची आखणी सुरू झाली की थीम पार्कांबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बहुतेक प्रश्न पाळण्यांपेक्षा फोनबद्दलचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलीकडे अमेरिकेला जाणार आहोत, तेव्हा ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड करायचं आहे. ॲपमध्ये रांग ७५ मिनिटं दिसते आणि ५० मिनिटांत नंबर लागतो, कधी उलटही होतं, असं ऐकलं. ही वेळ मोजतात कशी? आणि पैसे भरून दुसऱ्या रांगेने जाणाऱ्यांमुळे आमची रांग लांबते का?
*एक वाचक, ठाणे*

आधी मोजणीचं. जुनी पद्धत अगदी साधी: रांगेच्या तोंडाशी कुणाला तरी गळ्यात अडकवायचं कार्ड द्यायचं आणि राइडपाशी ते स्कॅन करायचं. दोन नोंदींमधलं अंतर म्हणजे रांगेचा वेळ. यात मेख अशी की हा आकडा आत्ता राइडमध्ये बसणाऱ्याचा असतो. तुम्ही आत्ता रांगेत शिरलात, तर तुमच्या वाट्याला किती येईल हे त्यात नसतं. परेड संपून दोनशे माणसं एकदम रांगेत घुसली तरी ॲपला ते बऱ्याच उशिरा कळतं.

पुढे फोनच्या वाय-फाय आणि ब्लूटूथवरून माणसं मोजायचे प्रयोग झाले. पण आता फोन आपली वायरलेस ओळख सतत बदलत राहतात. आयफोनमध्ये याची सुरुवात २०१४ मध्ये झाली, अँड्रॉइडने २०१९ मध्ये ते सरसकट केलं. त्यामुळे एकच फोन दोनदा वेगळा मोजला जातो. म्हणून हल्ली कॅमेऱ्याने डोकी मोजणं आणि राइडचा वेग बघून गणित मांडणं, यावर भर असतो. शिवाय बरीच पार्कं आकडा मुद्दाम थोडा चढवून लावतात. ७५ वाचून उभा राहिलेला माणूस ५० मिनिटांत सुटला तर खुशीत बाहेर पडतो.

आता दुसऱ्या रांगेचं, कारण खरी गोम तिथे आहे. समजा एका रोलर कोस्टरच्या गाडीत २० जागा आहेत आणि दर ६० सेकंदांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला १,२०० माणसं. तुमच्यापुढे ४०० जण असतील तर २० मिनिटं. आता त्यातल्या ८०० जागा पैसे भरलेल्यांना गेल्या, तर साध्या रांगेसाठी तासाला ४०० उरल्या. तेच ४०० लोक, आता एक तास. कुणी पिशवी सोडायला तयार नाही, कुणाची चप्पल पायातून निसटते, कुणाचा पट्टा लागत नाही, असं होऊन गाडी ६० ऐवजी ७५ सेकंदांनी सुटू लागली की तासाला ९६० माणसंच बसतात. पैसे भरलेल्यांच्या ८०० आधीच विकलेल्या. साध्या रांगेला उरल्या १६०, आणि तुमचा एक तास अडीच तासांवर गेला. प्रत्यक्षात दारावरचा कर्मचारी दोन्ही रांगा आलटूनपालटून सोडतो, म्हणून इतकी गत होत नाही. पण बंद पडलेली राइड पुन्हा सुरू झाल्यावर साधी रांग जागची हलत नाही, ती याच हिशेबामुळे.

तेव्हा ॲपने जागा वाढत नाहीत, त्यांची वाटणी बदलते. तरी ॲपचा उपयोग आहे. कुठली राइड आत्ता सोडून द्यायची हे कळतं, आणि जेवणाची रांग खरोखर वाचते. डिस्नेच्या ॲपमध्ये साडेअकरालाच एक वाजताची वेळ निवडून जेवण सांगून ठेवायचं आणि पोहोचल्यावर ‘आलो’चं बटण दाबायचं. ते बटण दाबेपर्यंत स्वयंपाकघरात तुमचं ताट लागायला घेत नाहीत. लोक इथेच चुकतात, खिडकीशी जाऊन नुसते उभे राहतात. मेनूत हिरव्या पानाचं चिन्ह असेल तर तो पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य आहे, म्हणजे दूध, तूप, चीज काहीच नाही. आपल्याकडच्या पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्याहून हे कडक आहे.

याच डिस्ने वर्ल्डच्या वेगळ्या रांगेचं बुकिंग पुण्यात बसून करता येईल का? कार्ड चालेल का?
*एक वाचक, पुणे*

येईल. या सोयीचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. जुलै २०२४ पासून ती आधी बुक करता येते. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ७ दिवस आधी, बाकीच्यांना पार्कात जायच्या ३ दिवस आधी. बुकिंग तिकडच्या सकाळी ७ ला उघडतं. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात, बाकीच्या काळात साडेपाच.

त्याआधी घरातल्या प्रत्येकाचं तिकीट एकाच खात्यात जोडून ठेवा. एकाचं जरी राहिलं तरी ऐनवेळी त्याला सोडून बाकीच्यांचंच बुकिंग होतं. सुरुवातीला तीन राइड निवडता येतात, प्रत्येकीला एक तासाची मुदत मिळते. त्यातली एक वापरली की पुढची घेता येते, म्हणून पहिली राइड होईल तितकी सकाळची घ्यावी. संध्याकाळच्या तीन घेऊन बसलात तर दिवसभर हात बांधलेले.

पैसे भरण्याआधी मुलांची उंची मोजा, बूट काढून. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७ सेंमी लागतात, स्पेस माउंटनला ११२, ट्रॉनला १२२. दारावर पट्टी लावून बघतात आणि अर्धा सेंमीही सोडत नाहीत.

कार्डाचं असं, की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करा आणि त्याची मर्यादाही बघा, ती कधीकधी शून्यावर असते. तिकडे गेल्यावर नेटसाठी ई-सिम घेतलंत तरी इथलं सिम फोनमध्ये चालू ठेवा: रोमिंग चालू, त्या सिमचा डेटा बंद. प्रीपेड असेल तर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी इथूनच सुरू करून घ्या, नाहीतर ओटीपी येणार नाही आणि हातातली वेळ दुसरा घेऊन जाईल.

टोकियो डिस्नेलाही हेच चालतं का?
*एक वाचक, डोंबिवली*

नाही. तिथला प्रीमियर ॲक्सेस, म्हणजे पैसे भरून वेगळ्या रांगेने जायची सोय, एकेका राइडचा वेगळा विकत घ्यावा लागतो, माणशी साधारण १,५०० ते २,५०० येन, आणि तोही पार्कात शिरल्यावरच. एक घेतला की पुढच्यासाठी बहुधा ६० मिनिटं थांबावं लागतं. काही शोंच्या जागा ॲपमधल्या सोडतीने मिळतात. एका शोसाठी एकदाच नशीब अजमावता येतं, म्हणून सगळ्यांची तिकिटं एका फोनवर एकत्र केल्याशिवाय ते बटण दाबू नका. भारतीय कार्ड तिथे अडकू शकतं, दोन वेगळ्या बँकांची कार्डं जवळ असू द्या. आणि ॲप इथूनच उतरवून, खातं उघडून, एकदा चालवून बघा.

पाच वर्षांच्या नातवासाठी ट्रॅकर टॅग घ्यावा का? गर्दीत हरवण्याची भीती वाटते.
*एक आजी, नाशिक*

घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. या टॅगमध्ये जीपीएस नसतं. तो फक्त ब्लूटूथवर ‘मी इथे आहे’ असा इशारा देत राहतो. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनने तो ऐकला की त्या फोनची जागा तुम्हाला कळते. म्हणजे टॅग दाखवतो ती शेवटची ऐकू आलेली जागा, आणि ती पाच-दहा मिनिटं जुनी असू शकते. धावत सुटलेलं पोर तेवढ्यात कुठच्या कुठे जातं.

ॲपलचा टॅग आयफोनच ऐकतात. सिंगापूर-जपानला ते पावलोपावली, आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइड. म्हणून इथल्या पार्कासाठी गूगलच्या जाळ्यावर चालणारा टॅग बरा. तो चालवायला तुमचाही फोन अँड्रॉइडच हवा. आणि हे टॅग वस्तूंसाठी आहेत, माणसांसाठी नाहीत, असं खुद्द ॲपलच सांगतं. घेतलाच तर पँटच्या आतल्या खिशात पिनेने अडकवा. गळ्यात दोरीने अजिबात नको, पाळण्यात आणि घसरगुंडीवर दोरी अडकते.

टॅगहून भरवशाचे दोन उपाय फुकट आहेत. फाटकाशी नातवाचा उभा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, चपलांसकट. मूल हरवल्यावर आईवडिलांना शर्टाचा रंगही धड आठवत नाही, फोटो मात्र सुरक्षा रक्षकाला लगेच पाठवता येतो. आणि हाताच्या आतल्या बाजूला मोबाइल नंबर लिहा. कोरड्या पार्कात बॉलपेन चालतं, वॉटर पार्कात पर्मनंट मार्कर हवा.

दुपारी दोनपर्यंत फोन मरतो. दहा हजार एमएएचची पॉवर बँक पुरेल?
*एक वाचक, नागपूर*

दोन फोनांना पुरणार नाही. १०,००० एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. त्यातले काही उष्णतेत जातात. ५,००० एमएएचचा फोन त्यावर साधारण दीड वेळा भरतो. विमानात १०० वॉट-तासांपर्यंत चालते, ती हातातल्या बॅगेतच ठेवायची.

फोन मरतो तो मात्र मुख्यतः रेंजमुळे. रेंज अशक्त असली की फोन जोर लावून टॉवर धरत राहतो, वर उन्हात स्क्रीन पूर्ण उजेडावर. राइडमध्ये बसताना विमान मोड लावा. नागपूरच्या उन्हात बॅगेत चार्जिंगला लावलेला फोन तापून चार्जिंगच थांबवतो, तेव्हा जेवताना सावलीत टेबलावर ठेवून चार्ज करा. तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. पण दर काही सेकंदांनी बदलणारा कोड असेल तर स्क्रीनशॉट चालत नाही, तो फाटकापाशी ॲपमध्येच उघडावा लागतो.

आमचं लहान वॉटर पार्क आहे. ओल्या नोटा आणि यूपीआयसाठी लॉकरशी होणारी गर्दी यांना कंटाळून मनगटी पट्टे आणायचे आहेत. कंपनीवाले ॲपही घ्या म्हणतात. काय बघून घ्यावं?
*एक पार्कचालक, सांगली जिल्हा*

पट्टे घ्या, ॲपचं नंतर बघू.

पट्ट्यातली चिप १३.५६ मेगाहर्ट्‌झची घ्या. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, काही मीटरवरून वाचला जातो आणि पाण्यापुढे व अंगापुढे ढेपाळतो. तुमचा पट्टा दोन-चार सेंटिमीटरवरून वाचला जाईल, ओला असला तरी. त्यात बॅटरी नसते, त्यामुळे बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: शिल्लक रक्कम पट्ट्यात राहते की सर्व्हरवर? स्वस्तातल्या मायफेअर क्लासिक चिपचं कुलूप २००८ मध्येच फुटलं आहे. तिच्यावर पैसे साठवले तर कॉलेजची पोरं रक्कम वाढवून आणतील. नुसत्या चिपच्या क्रमांकावर भरवसा ठेवला तर त्याचीही नक्कल होते. पैसे सर्व्हरवर ठेवा आणि चिप डेसफायरसारख्या पक्क्या कुलपाची घ्या. सर्व्हर पार्कातच हवा. मुंबईच्या कुठल्या तरी क्लाउडवर असेल आणि पावसात नेट गेलं, तर वडापाव विकणं बंद. पट्टा वाचणाऱ्या प्रत्येक मशिनला, म्हणजे रीडरला, नेट नसताना ठरावीक रकमेपर्यंतचे व्यवहार साठवून नंतर पाठवता आले पाहिजेत. हे कागदावर न वाचता समोर केबल उपटून दाखवायला सांगा.

जोडणी करताना स्टॉलवरचे रीडर शक्यतो केबलने जोडा, वाय-फायवर नको. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यावर पाहुण्यांचे फोन चढले की रीडर गोल फिरत बसतो. पाहुण्यांचं वाय-फाय द्यायचंच तर वेगळं, ५ गिगाहर्ट्‌झवर, तीन-चार मीटर उंचीवरून खाली तोंड करून. कमरेच्या उंचीवर लावलं तर माणसांची अंगंच सिग्नल खातात. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरच्या पुढे नेऊ नका, तिथून फायबर घ्या. वीज पडली तर तांब्याच्या केबलवरून एका टोकाचा दणका दुसऱ्या टोकाच्या मशिनपर्यंत जातो, फायबरवरून जात नाही. या मशिनांच्या पेट्या धूळ-पाणी अडवणाऱ्या, आयपी ६५ किंवा ६७ दर्जाच्या हव्यात आणि क्लोरीनच्या टाकीपासून लांब, नाहीतर दोन हंगामांत पिना हिरव्या पडतात. यूपीएस आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम हे गृहीतच धरा.

स्वतःच्याच पार्कात, स्वतःच्याच मालासाठी चालणाऱ्या पट्ट्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पण खाण्याचे स्टॉल दुसऱ्याला चालवायला दिले असतील तर परवानगीचा हा नियम बदलतो. उरलेली रक्कम परत कशी द्यायची हेही आधी सीएकडून लिहून घ्या. पट्ट्यासोबत नाव, फोन, मुलांचं वय गोळा करू नका. डिजिटल व्यक्तिगत विदेच्या (डेटाच्या) २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि ‘रंग निळा, क्रमांक अमुक, शिल्लक तमुक’ एवढ्यावर तुमचं काम भागतं.

ॲपमधली ‘आभासी रांग’ तूर्त बाजूला ठेवा. ऑर्लँडोच्या व्होल्केनो बे या वॉटर पार्काने २०१७ मध्ये मनगटी पट्ट्यावर रांगेचा नंबर द्यायला सुरुवात केली. पण रांगेतून सुटलेली माणसं कुठेतरी जातातच: तरणतलावात, खाण्याच्या खिडकीशी, सावलीतल्या खुर्च्यांवर. तुमच्याकडे त्यांना बसवायला जागा आहे का, ते आधी मोजा. त्याच सोबत रविवारी दुपारी मोठ्या घसरगुंडीशी स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा करा आणि तासाला किती जण खाली येतात ते लिहा. आधी सुटलेला माणूस खाली पाण्यातून बाहेर पडेपर्यंत पुढच्याला सोडत नाहीत, म्हणून बहुतेक वेळ तळाशी ट्यूब उचलण्यात आणि ती वर नेण्यात जातो. ट्यूब वर नेणारा छोटा सरकता पट्टा किंवा दोन जादा पोरं लावून तासाला चाळीस-पन्नास जण वाढत असतील, तर ॲपचे पैसे तिथे घाला.